काळ्याची पारख: नव्या पेठेतलं कॅनव्हास प्रिंटचं दुकान

चादरीच्या कारखान्यात रंगाईखात्यात ३१ वर्षं काढली. काळ्या सुताचा लॉट मी दिव्याखाली कधीच पास केला नाही. लडी उन्हात धरायची आणि बघायचं, हिरवट झाक मारते का लालसर. म्हणून जुन्या डच चित्रकारानं, रेम्ब्रांटनं काढलेलं मार्टेन सूलमन्सचं चित्र घरी लावायचं ठरलं, तेव्हा मला काळजी फक्त काळ्याची होती.

चित्र १६३४ चं. रेम्ब्रांट २८ वर्षांचा, मार्टेन विशीतला, लग्न नुकतंच झालेलं. उमराव काढून घ्यायचे तसं हे आख्खं उभं चित्र, मूळची उंची सुमारे २१० सेंटिमीटर. पण पोरगा उमरावाचा नाही. बापाचा ॲमस्टरडॅममध्ये साखर शुद्ध करायचा कारखाना होता. साखरेमुळेच की काय, मला तो आपल्या जिल्ह्यातला वाटतो.

अंगावर सगळं काळं. त्यात चुण्या, फिती, रेशमाची चकाकी, सगळं काळ्यातच. पांढरी ती लेसची कॉलर आणि बुटांवरची मोठाली फुलं.

म्युझियमच्या साइटवरून मोठी फाइल फुकट मिळते, ती दिली. १८ बाय २८ इंच, फ्रेमसकट १,८५० रुपये. पहिली प्रिंट बघून पोटात गोळा आला. दुकानातल्या मुलानं ‘उठाव यावा’ म्हणून कॉन्ट्रास्ट चढवला होता, वर चकचकीत लॅमिनेशन. कोट नुसता डांबर! शिवाय कॅनव्हास मुडपताना बुटाचं फूल अर्धं मागं गेलेलं.

‘काका, काळा तो काळाच की ओ,’ मुलगा म्हणाला. मी प्रिंट बाहेर फुटपाथवर नेली, शेजारी मोबाइलवर मूळ चित्र धरलं. त्यानं खाली वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, ‘बाहीच्या चुण्या गेल्या.’ तिथंच मला तो पोरगा आवडला. आधी हातभर पट्टी छापून ती उन्हात दाखवली, मग मॅट फिनिशमध्ये पूर्ण प्रिंट काढली, चारी बाजूंनी दोन-दोन इंच जादा सोडून. जादा पैसे घेतले नाहीत.

तुम्ही गेलात तर पट्टी मागाच, आणि दुपारच्या आत जा.

मार्टेनची बायको ओप्येन, तिचंही जोडीचं चित्र आहे, तीही काळ्यातच. जोडी फुटू नये म्हणून २०१६ मध्ये नेदरलँड्स आणि फ्रान्सनं मिळून १६ कोटी युरोंना दोन्ही घेतली. आमच्या भिंतीवर तिची जागा सोडलीय. ऑर्डर त्याच मुलाला दिली.