तानपुऱ्याच्या कसोटीवर तीन जातींचे स्पीकर

म्यूनिकच्या एम.ओ.सी. संकुलात २००४ पासून भरत आलेले ‘हाय एंड’ हे ध्वनिप्रदर्शन मे २०२५ मध्ये तेथे शेवटचे भरले. पुढील प्रदर्शनासाठी आयोजकांनी व्हिएन्ना निवडले. अशा प्रदर्शनांत बहुधा मोजक्या वाद्यांची, अतिशय स्वच्छ ध्वनिमुद्रणे लावली जातात, आणि त्यांवर जवळजवळ प्रत्येक महागडा स्पीकर सुंदर वाजतो. म्हणून मी ख्यालाचे एक जुने ध्वनिमुद्रण सोबत नेले होते आणि जेथे विनंती मान्य झाली तेथे तेच ऐकले. ज्यांना मुख्यतः हेच संगीत ऐकायचे आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजत राहणारा झणत्कार, सर्वांत खरी वाटली ती इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्यावर. पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणलेल्या स्पीकरपासून या जातीचे तत्त्व तेच आहे: दोन सच्छिद्र पाट्यांमध्ये ताणलेला, विद्युतभारित असा अत्यंत पातळ पडदा संपूर्ण पृष्ठभागाने हलतो. त्याला वजन जवळजवळ नसल्यामुळे तार छेडल्यानंतर उमलत जाणारे स्वर एकमेकांत मिसळत नाहीत, आणि गायकाने तान घेण्यापूर्वी भरलेला श्वाससुद्धा वेगळा कळतो. मात्र हा पडदा मागेही तितकाच आवाज फेकतो, त्यामुळे त्याला भिंतीपासून निदान तीन-चार फूट दूर ठेवावे लागते. पुढचा आणि मागचा आवाज खालच्या स्वरांत एकमेकांना छेदत असल्याने डग्ग्याचा घुमारा उणा पडतो. शिवाय दमट हवा आणि धूळ या पडद्याला मानवत नाही, ही गोष्ट मुंबई-कोकणातील ग्राहकाने गंभीरपणे घ्यावी.

कर्ण्याच्या स्पीकरची गंमत तबल्यात आहे. चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावर वाजणारा, ‘ना’ हा बोल इतक्या तडफेने अंगावर येतो की वादक समोर बसला आहे असे वाटते. जर्मनीतील आव्हांगार्ड अकौस्टिकच्या कर्ण्यांची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीवर मिळणारा आवाज, १०० डेसिबलच्या वर आहे. ८८ डेसिबलच्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी सोळापट किंवा त्याहून अधिक शक्ती लागेल. थोड्या वॅटच्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अँप्लिफायरवरही कर्णे मोकळे वाजतात ते यामुळेच. पण प्रत्येक कर्णा स्वरांचा वेगळा पट्टा सांभाळतो, आणि हे पट्टे एकजीव होण्यासाठी श्रोत्याला बरेच मागे बसावे लागते. मी एका दालनात पुढच्या रांगेत बसलो असताना एकाच गायकाचा आवाज दोन उंचींवरून येत असल्याचा भास झाला, तो मागे गेल्यावर नाहीसा झाला. दहा बाय बाराच्या खोलीत मागे जायला जागाच नसते.

तिसरी जात शंकूच्या ड्रायव्हरची, म्हणजे शंकूसारखा पडदा हलवून आवाज काढणाऱ्या भागाची, आणि तिच्यातही मला महत्त्वाचा वाटतो तो एककेंद्री प्रकार. केईएफ या ब्रिटिश कंपनीने १९८८ मध्ये ‘युनि-क्यू’ ड्रायव्हर आणला, ज्यात उंच स्वरांचा ट्वीटर मधल्या स्वरांच्या शंकूच्या मध्यभागी बसतो. २०११ च्या ‘ब्लेड’मध्ये बाजूंना पाठीला पाठ लावलेले चार बास ड्रायव्हर याच केंद्राभोवती मांडले, जेणेकरून त्यांचे हादरे परस्परांना रद्द करतील आणि सगळा आवाज एका बिंदूतून आल्यासारखा वाटेल. अशा स्पीकरवर जवारी पडद्याइतकी सूक्ष्म ऐकू येत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण डग्गा भरदार राहतो, खुर्ची थोडी सरकली तरी गायक जागा सोडत नाही, आणि सोफ्यावर तिघे बसले तर तिघांनाही सारखेच ऐकू येते. सिमेंटच्या भिंतींच्या मध्यम दिवाणखान्यासाठी मी हाच घेईन. एकट्याने, ठरलेल्या आसनावर, कोरड्या हवेच्या गावी ऐकणाऱ्याने मात्र पडदाच घ्यावा.

निर्णयापूर्वी आवाज घरी ठेवतो तितका कमी करायला सांगावा. मोठ्या आवाजात कानाला खालचे स्वर अधिक भरीव वाटतात, आणि प्रदर्शनात आवाज बहुतेक वेळा मोठाच असतो. तो उतरवल्यावरही तानपुऱ्याचा खर्ज गायकाच्या मागे अखंड उभा राहतो का, ते डोळे मिटून पाच मिनिटे ऐकावे.