पुसलेला अनुक्रमांक आणि माझे ३८७.५० डॉलर

शिकारीच्या रायफलीसाठी परवडणारा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, शोधताना मी ३८७ डॉलर ५० सेंट घालवले. आकडा लिहितानाही लाज वाटते, पण तो लपवून इतरांना सावध करता येणार नाही. स्कोपचे २१९, पाठवणुकीचे १८.५०, विम्याचे १२, माल जकातीत अडकल्याचे सांगून नंतर उकळलेले ३६, आणि त्या बनावट स्कोपवर नेम जुळवण्यात वाया गेलेल्या काडतुसांच्या तीन पेट्यांचे १०२, असा तो हिशेब आहे. नामांकित कंपनीच्या नावाने अर्ध्या किमतीत माल विकणारी ही दुकाने कशी चालतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मलाही ठाऊक होते, आणि संताप त्याचाच अधिक येतो.

मला स्कोपमधले काही कळत नव्हते, असे कोणी म्हणू नये. माझी रायफल .३०८ची (हे काडतुसाचे माप), जुनी पण सरळ मारणारी आहे, आणि जंगलाच्या कडेला मला कधीच २०० यार्डांपलीकडे गोळी झाडावी लागत नाही. अशा कामाला ३-९×४०चा, म्हणजे ३ ते ९ पट वर्धनाचा आणि ४० मिलिमीटर भिंगाचा, साधा स्कोप पुरेसा असतो, हे मी स्वतः नवशिक्यांना सांगत आलो आहे. भिंगाचा व्यास भागिले वर्धन हे गणित करून पाहा: ४० मिलिमीटरच्या भिंगातून ६ पटीला जवळपास ६.७ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत येतो, तर ५० मिलिमीटरच्या भिंगातूनही १६ पटीला जेमतेम ३.१ मिलिमीटरचा. हरणे बाहेर पडतात ती संधिप्रकाशाची वेळ, आणि तेव्हा मोठ्या वर्धनाचा उपयोग होण्याऐवजी अडचणच होते. हे सगळे माहीत असूनही ४९९ डॉलरचा ४-१६×५० स्कोप २१९ला दिसला आणि मी माझेच म्हणणे बाजूला ठेवले. हंगाम सात आठवड्यांवर आला होता, जुन्या स्कोपच्या आत दव धरू लागले होते आणि हाताशी २५० डॉलरच होते. एवढ्या पैशांत अधिकृत विक्रेत्याकडे चांगला ३-९×४० मिळाला असता. तुमच्याकडे तेवढेच पैसे असतील, तर तोच घ्या.

आता त्या क्षणाबद्दल, जो माझ्या मनातून जात नाही. पैसे भरण्यापूर्वी मी विक्रेत्याकडे अनुक्रमांकाचे छायाचित्र मागितले होते, म्हणजे योग्य तो प्रश्न मी योग्य वेळी विचारला होता. छायाचित्र आले, पण त्यातले शेवटचे पाच आकडे पुसलेले होते. खाली अत्यंत नम्र भाषेत लिहिले होते की, दुसऱ्या कोणी तो क्रमांक वापरून तुमची हमी स्वतःच्या नावावर करून घेऊ नये, यासाठी ही काळजी घेतली आहे. मी ते वाचले आणि मला ते पटले, इतकेच नव्हे तर विक्रेता जबाबदार आहे असे वाटून मी त्याचे आभारही मानले. अस्सल माल असणाऱ्याला क्रमांक लपवण्याचे सहसा कारण नसते, कारण तो कंपनीला कळवून पडताळता येतो. पुसलेला क्रमांक हाच पुरावा होता, तो माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि त्याच रात्री ११ वाजता मी कार्डाने पैसे भरले.

पार्सल २६ दिवसांनी आले. कंपनी ज्या स्कोपचे वजन ६८० ग्रॅम सांगते तो माझ्या तराजूवर ४८० ग्रॅम भरला. वजन करायला काही लागत नाही, म्हणून पेटी उघडताच आधी तेच करा. पहिल्याच गोळीला रायफलीचा धक्का बसला आणि स्कोपची कड भुवईवर आदळून रक्त आले, कारण डोळा जिथे ठेवावा लागत होता ते अंतर जेमतेम ६० मिलिमीटर होते. अशा रायफलीला ते ९० च्या आसपास हवे. त्यानंतर १०० यार्डांवर चौकोनाची चाचणी घेतली. नेम सरकवणारी बटणे २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे फिरवल्यावर (एका क्लिकला सुमारे पाव इंच) प्रत्येक वेळी गोळी ५ इंच सरकायला हवी आणि शेवटची गोळी पहिल्या छिद्रापाशी परतायला हवी. माझी पहिल्या फेरीत २ इंच सरकली, दुसऱ्या फेरीत एकदम ७ इंच, आणि शेवटची परतलीच नाही. हा स्कोप घेऊन मी जंगलात गेलो असतो तर हरीण जखमी होऊन झाडीत तडफडत राहिले असते. पैशांपेक्षा मला त्या विचाराचा त्रास अधिक होतो. नवा स्कोप कोणाचाही असो, ही चाचणी घेतल्याशिवाय शिकारीला जाऊ नका.

मी तक्रार करताच विक्रेत्याने आधी १५ टक्के, मग २५, मग ४० टक्के, म्हणजे ८७.६० डॉलर परत देण्याची तयारी दाखवली. पूर्ण पैसे हवे असतील तर माल परदेशात परत पाठवायचा होता, आणि त्याचाच खर्च ७४ डॉलर होता. ही घासाघीस पाच आठवडे चालली, आणि ती केवळ बँकेकडे तक्रार करण्याची मुदत संपवण्यासाठी होती हे मला उशिरा समजले. विक्रेत्याशी बोलत बसू नका. पहिल्या दिवशीच बँकेला लेखी कळवा.

बँकेने मला जी वागणूक दिली ती मी विसरणार नाही. पहिल्या अधिकाऱ्याने सांगितले की माल मिळाला आहे, त्यामुळे तो न मिळाल्याची तक्रार घेता येत नाही. दुसऱ्या अधिकाऱ्याने माल बनावट असल्याचे उत्पादकाचे पत्र मागितले. ते पत्र मिळवायला २३ दिवस लागले, आणि ते दिल्यावर तिसऱ्याने सांगितले की ६० दिवसांची मुदत उलटली आहे आणि विक्रेत्याने अंशतः परतावा देऊ केला असल्यामुळे तो सहकार्य करत आहे असे मानले जाईल. ज्या लबाडीने मला अडकवले, तीच लबाडी बँकेने त्याच्या चांगल्या वागणुकीचा पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवली. पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगितले, आणि मी बनावट मालाची विक्री हा गुन्हा असल्याचे निदर्शनास आणल्यावर विक्रेता त्यांच्या हद्दीबाहेर असल्याचे सांगितले. तक्रार क्रमांक मात्र दिला. जिथे हे दुकान उघडले होते त्या बाजार-संकेतस्थळाने चार वेळा एकच मजकूर पाठवला की विक्रेते स्वतंत्र आहेत. प्रत्येकाने दुसऱ्याचे दार दाखवले, आणि माझ्या सात पानी अर्जाला जोडलेली चाचणीची छायाचित्रे कोणी उघडून पाहिली असतील असे मला वाटत नाही.

स्कोप माझ्याजवळच आहे. तो मी विकणार नाही, आणि पुढे कोणाच्या हाती अस्सल म्हणून जाऊ नये यासाठी त्याच्या नळीवर ‘बनावट’ असे कोरून ठेवले आहे. तेच छायाचित्र, शेवटचे पाच आकडे पुसलेले, काल मला वेगळ्या नावाच्या दुकानात पुन्हा दिसले. किंमत आता १९९ डॉलर आहे.