'आयपी लायसन्स'च्या नावाखाली आमचे ६३ हजार गेले

तालुक्याच्या गावी आमची टंकलेखन संस्था आहे. २०२१ मध्ये लॅबमधल्या हार्ड डिस्क एकामागून एक जाऊ लागल्या. एका ठेकेदाराने उपाय सुचवला: डिस्क काढून टाकू, कोपऱ्यात एक लिनक्स सर्व्हर ठेवू, सगळी मशिन नेटवर्कवरूनच बूट होतील. काम त्याने चांगलं केलं, हे मी आजही म्हणते. सर्व्हरचे आणि मजुरीचे पैसे घेतले, त्याबद्दलही तक्रार नाही. फसवणूक बिलाच्या शेवटच्या ओळीत होती: 'आयपी लायसन्स, २५ मशिन, प्रत्येकी ६०० रुपये, वार्षिक.' आयपी म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक मशिनला मिळणारा आकड्यांचा पत्ता.

मी विचारलं होतं. तो म्हणाला, "ताई, मशिन चालू झालं की सर्व्हर त्याला पत्ता देतो. गुमास्ता काढायला फी लागते ना, तशी या पत्त्यालाही लागते." मला पटलं. १५ हजार भरले.

पुढच्या वर्षी १५ मशिन वाढवली. एकही चालू होईना. काळ्या पडद्यावर 'पीएक्सई-ई५१' हा एरर कोड आणि पुढे डीएचसीपीकडून (सर्व्हरवरची पत्ते वाटणारी सेवा) काहीच आलं नाही, असं इंग्रजीत. तो आला, मॉनिटर स्वतःकडे वळवून दहा मिनिटं काहीतरी टाइप केलं आणि सगळी मशिन सुरू झाली. "लायसन्स वाढवलंय." त्या वर्षी २४ हजार, २०२३ मध्ये पुन्हा २४ हजार. हे दोन्ही रोख, पावती नाही.

२०२४ च्या जूनमध्ये एका मशिनचा मदरबोर्ड बदलला आणि पुन्हा तोच काळा पडदा. फोनवर उत्तर मिळालं: नवा बोर्ड म्हणजे नवं लायसन्स, आणि दर आता ९००. मुलांची परीक्षा तोंडावर आहे हे त्याला माहीत होतं. मी पैसे भरणारच होते. नेमका त्याच दिवशी पुण्यात नेटवर्कचं काम करणारा आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. म्हणाला, "मॅडम, थांबा. मला सर्व्हर बघू द्या."

पासवर्ड ठेकेदाराने कधी दिलाच नव्हता. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन त्या विद्यार्थ्याने तो बदलला, लॉग (सर्व्हरची नोंदवही) उघडला. त्यात ओळीमागून ओळ: 'नो फ्री लीजेस', म्हणजे वाटायला एकही पत्ता शिल्लक नाही. मग त्याने डीएचसीपीची फाइल उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. रेंज १९२.१६८.१०.१०१ ते १९२.१६८.१०.१४०. मोजून ४० पत्ते. खाली लीजची, म्हणजे दिलेला पत्ता एकाच मशिनच्या नावावर राहण्याची, मुदत ३१५३६०००. हे सेकंद आहेत, म्हणजे पूर्ण एक वर्ष. सर्व्हर मशिनला त्याच्या बोर्डावरून ओळखतो, म्हणून जुना बोर्ड भंगारात गेला तरी त्याचा पत्ता वर्षभर अडकून राहणार, आणि नव्या बोर्डाला एकही उरणार नाही. त्याने १४० चे २०० केले, मुदत एका दिवसावर आणली, सेवा रीस्टार्ट केली. चहा यायच्या आत मशिन सुरू झालं.

लायसन्स असं काही नव्हतंच. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ पासून कुणालाही आपल्या अंतर्गत नेटवर्कसाठी फुकट वापरता येतात, कुणाची परवानगी लागत नाही. इंटरनेट कंपनीकडून घेतलेल्या सार्वजनिक स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीला पैसे पडतात, ती गोष्ट वेगळी. या दोन्हींतला फरक न सांगणं हेच त्याचं भांडवल होतं. पत्ते वाटणारं सॉफ्टवेअरही मोफत. सेवा सुरू होताना ते स्वतःचं नाव लिहितं: इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्टियम डीएचसीपी सर्व्हर. त्या संस्थेने २०२२ च्या अखेरीस त्याची देखभाल थांबवली आणि त्याजागी केआ नावाचं सॉफ्टवेअर दिलं. तेही मोफतच. म्हणजे २०२३ मध्ये मी ज्याची 'वार्षिक फी' भरली, त्याचे नवे अपडेटही येणं बंद झालं होतं.

मी ठेकेदाराला फोन केला. "ताई, सर्व्हिस तर दिली ना?" एवढं बोलून त्याने ठेवला, नंतर उचलला नाही. देखभालीचे म्हणून मागितले असते तर मी आनंदाने दिले असते. टायपिंगला येणाऱ्या मुलींच्या फीमधून साठवलेले पैसे होते ते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण हातात कागद आहे तो फक्त पहिल्या १५ हजारांचा.

हे आज लिहितेय, कारण शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थाचालकांनी काल मला त्यांच्या बिलाचा फोटो पाठवला. शेवटची ओळ तीच आहे, मशिन ३०, दर ९००. भरायची तारीख पुढच्या सोमवारी. त्यांना सांगितलंय: पैसे देऊ नका, आधी सर्व्हरचा पासवर्ड मागा आणि ती रेंजची ओळ मला वाचून दाखवा.