चोपड्याच्या उन्हात २२ महिने: दुकानाच्या पाटीवरचं पावडर कोटिंग

आमचं कृषी सेवा केंद्र जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात, दुकानाचं तोंड पश्चिमेला. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत ऊन थेट पाटीवर. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की पत्र्याला हात लावायची सोय नाही. या जागेवरची ही तिसरी पाटी, तिला २२ महिने झाले.

पहिली जीआय पत्र्याची, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याची, वर थेट ऑइल पेंट. दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे सुटले. मी पेंटरला बोललो, पण दोष त्याच्या हाताचा नव्हता. जस्ताचा थर आणि ऑइल पेंट यांचं जमत नाही. दोघांची प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर धरतो आणि पकड सुटते. जीआयवर आधी एच (etch) प्रायमर लागतो, म्हणजे जस्ताला धरून रंगाला पकड देणारा अस्तर.

दुसऱ्या पाटीला पावडर कोटिंग केलं, म्हणजे रंगाची कोरडी पावडर मारून भट्टीत भाजून पक्की करणं, पण पावडर कोणती ते विचारलंच नाही. एका उन्हाळ्यात चमक गेली, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी लागायची. चौकशी केली तेव्हा कळलं, पावडर इपॉक्सी मिसळलेली, कपाटं-रॅकसाठीची होती. इपॉक्सी गंज चांगला अडवते, पण उन्हातले अतिनील किरण तिला सोसत नाहीत.

म्हणून तिसऱ्या वेळी मी स्वतः जाऊन उभा राहिलो. एमएस म्हणजे साधा लोखंडी पत्रा, आणि ऊन सोसणारी प्युअर पॉलिस्टर पावडर. आधी तेल-ग्रीस काढलं, मग गंज, मग फॉस्फेटिंग (रंगाला पकड मिळावी म्हणून फॉस्फेटचा पातळ थर), प्रत्येक टप्प्यानंतर पाण्याने धुणं. मग पावडर मारून पत्रा भट्टीत. पत्रा स्वतः २०० अंशांपर्यंत तापल्यावर पुढे १० मिनिटं. नुसती भट्टी तापून भागत नाही. थंड झाल्यावर मीटर लावून जाडी मोजायला लावली: ७० ते ८० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खर्च दुसरीच्या दीडपट आला, तो मला पटला.

आज पाटीची निळी जमीन, म्हणजे अक्षरांमागचा रंग, जवळपास पहिल्यासारखी आहे. पांढरी अक्षरंही पांढरीच. लाल पट्टा मात्र विटला. पेंटरने आधीच सांगितलं होतं, "भाऊ, लाल रंग उनमा टिकस नही." भडक लाल आणि नारिंगी रंगद्रव्यं बहुतेक सेंद्रिय असतात, उन्हात तीच आधी मरतात. लोखंडाच्या ऑक्साइडचा विटकरी तांबडा किंवा गेरूसारखा पिवळा खूप तग धरतो. पुढच्या वेळी पट्टा विटकरीच करणार, थोडा मंद दिसला तरी चालेल.

गंज दोन ठिकाणी आला. लाइटवाल्याने कोटिंग झाल्यावर ड्रिल मारलं, त्या भोकाभोवती. भोकं पाडायची ती कोटिंगच्या आधी, हे मी सर्वांना सांगतो. दुसरा गंज खालच्या कडेला. धारदार कडेवर थर पातळच बसतो, त्यात आमच्याकडे खताच्या गोण्या पाटीखालीच उतरतात. पोटॅशची धूळ म्हणजे क्लोराइडचं मीठ, हवेतला ओलावा ओढून धरतं आणि लोखंड खातं. तिथे पत्रा घासून झिंक फॉस्फेट प्रायमर आणि दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग लावला. चार महिने झाले, ठीक आहे. आता दर पंधरा दिवसांनी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कपड्याने खालची कड पुसतो. गोण्या उतरवायची जागाही बदलली, हमालांना चार पावलं जास्त पडतात.

पाटी करायला द्याल तेव्हा फॅब्रिकेटरला कडा किंचित गोल करायला सांगा आणि खालच्या दुमडीला पाणी निघायला भोक ठेवायला लावा. माझ्या पाटीला ते भोक नाही. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, मी दर पावसानंतर शिडी लावून पुसून काढतो.