मायक्रोएम्बोलस पकडणारा टीसीडी: कान चांगला, काउंटर कच्चा

हृदयाच्या उजवीकडचं रक्त फुफ्फुसांची गाळणी चुकवून डावीकडे गेलं, की हवेचा बुडबुडा किंवा बारीक गुठळी, म्हणजेच मायक्रोएम्बोलस, थेट मेंदूच्या वाटेला लागते. काही जन्मजात हृदयदोषांत हे घडतं. असा एम्बोलस त्या क्षणी टिपायला ट्रान्सक्रेनियल डॉपलर, म्हणजे कवटीवरून अल्ट्रासाउंडने मेंदूतला रक्तप्रवाह ऐकणारा टीसीडी, हाताशी हवा. हे परीक्षण दोन चॅनेलच्या, २ मेगाहर्ट्झ प्रोबच्या, एम-मोड (अनेक खोलींवरचा प्रवाह एकाच वेळी दाखवणारा पडदा) असलेल्या मशीनचं.

खरी कसोटी प्रोब डोक्यावर धरून ठेवणाऱ्या हेडफ्रेमची. कानशिलावरचा प्रोब जरासा सरकला, तरी एमसीएचा (मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीचा) सिग्नल गेला. मोठ्यांत तो साधारण ४५ ते ६० मिमी खोलीवर सापडतो, तान्ह्यांत बऱ्याच कमी खोलीवर. तान्ह्यांचं हाड पातळ, त्यामुळे पॉवर कमीच ठेवा.

एम्बोलसचा सिग्नल ३०० मिलिसेकंदांपेक्षा छोटा, पार्श्वभूमीपेक्षा किमान ३ डेसिबल ठळक, प्रवाहाच्या दिशेलाच उमटणारा आणि 'टिव्' असा ऐकू येणारा असतो. खोकला किंवा वायरचा धक्का मात्र बेसलाइनच्या (शून्य रेषेच्या) दोन्ही बाजूंना दिसतो. एम-मोडवर फरक आणखी स्पष्ट होतो: एम्बोलसची तिरकी रेघ, धक्क्याची सगळ्या खोलींवर एकदम उभी. गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) जास्त ठेवला तर बारीक सिग्नल पार्श्वभूमीत बुडतात.

ऑटोमॅटिक काउंटरवर मात्र भिस्त नको. तो धक्के मोजतो आणि एकामागोमाग आलेले बुडबुडे एक धरतो. म्हणून कच्चा ऑडिओ साठवणारं मॉडेलच घ्यावं. दोन फ्रिक्वेन्सींनी हवा आणि गुठळी वेगळी ओळखण्याचा दावा आम्हाला अजून पटत नाही.

शिरेत बारीक बुडबुडे सोडून उजवीकडून डावीकडे जाणारी वाट, म्हणजे शंट, शोधणाऱ्या बबल टेस्टला मशीन उत्तम. ९ मिली सलाइन आणि १ मिली हवा थ्री-वेला (तीन तोंडांच्या तोटीला) जोडलेल्या दोन सिरिंजांतून दहा वेळा फिरवा आणि लगेच कोपराच्या शिरेत जोरात द्या. फेस बसला की टेस्ट वाया. आधी आराम स्थितीत करा. नंतर दुसऱ्या डोसला ५ सेकंदांनी १० सेकंद कुंथायला सांगा. लहान मुलांना ते जमत नाही. १ ते १० सिग्नल म्हणजे कमी, त्यापुढे मोठा शंट. मोजताच न येणारा 'पडदा' आला तर फारच मोठा. शंट हृदयात की फुफ्फुसात, हे टीसीडी सांगत नाही, त्यासाठी इको लागतो. मूल निळसर असेल आणि शंट आधीच ठाऊक असेल, तर मुद्दाम हवा कशाला सोडायची? तिथे मॉनिटरिंगच करा, आणि सलाइनच्या नळीला एअर फिल्टर लावा.

काही प्रौढांत, विशेषतः वयस्कर स्त्रियांत, कानशिलाची खिडकीच, म्हणजे अल्ट्रासाउंड आत जाऊ देणारी पातळ हाडाची जागा, मिळत नाही. तिथे मानेमागून बेसिलर धमनी पाहता येते. संवेदनशीलता कमी, पण अहवाल रिकामा जात नाही.