पाऊण टनी पिकअप आणि ३१ फुटी ट्रेलर: काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत पिकअप विकणारा पहिला आकडा सांगतो तो ओढायच्या ताकदीचा. अकरा हजार पौंड, तेरा हजार पौंड. तो खोटा नसतो, पण खरेदी करताना माझ्या फारसा कामाला आला नाही. कामाला आलं ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हाच पेलोड. ट्रेलर हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर, जेवढा भार टाकतो, तोही यातूनच वजा होतो.

आमचा ट्रेलर ३१ फुटी, राहण्याचा. त्याचं परवानगी असलेलं कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, ९,५०० पौंड. डीलरकडचा अर्धा टनी ट्रक (अर्धा, पाऊण, एक टनी ही पिकअपच्या वर्गांची नावं, खरी क्षमता नव्हे) कागदावर हे वजन आरामात ओढत होता. पण स्टिकरवर पेलोड होता १,५०० च्या आसपास. अशा ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हिचवर यावा लागतो. कमी आला तर मागचा डोलारा हायवेवर डावी-उजवी शेपटी हलवायला लागतो. आमचा ट्रेलर भरून ८,३०० पौंड होतो, त्याचे १३ टक्के म्हणजे १,०८० च्या जवळपास. हिचचं स्वतःचं लोखंड शंभरेक पौंड. उरले तीनशे-सव्वातीनशे, त्यात आम्ही चौघं कुठे बसणार? विकणारा म्हणाला, ‘सगळे असेच नेतात.’ नेत असतील. आम्ही पाऊण टनी घेतला, पेलोड २,९०० पौंड.

इंजिन मुद्दाम पेट्रोलचं घेतलं. पाऊण टनी ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर बहुधा १०,००० पौंडांवर बांधलेला असतो आणि डिझेल इंजिन कित्येकशे पौंडांनी जड असतं. तो फरक थेट पेलोडमधून कापला जातो. म्हणजे जास्त ताकदीचं इंजिन घ्यावं, तर वाहून न्यायची सोय कमी. हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

याची किंमत कोलोरॅडोत मोजली. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच आहे आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के दम गमावतं. चढावर आमचा ट्रक ओरडत होता, उजव्या लेनमध्ये, मालट्रकांच्या मागे. चढला, पण डिझेलवाले शांतपणे पुढे निघून जाताना बघावे लागले. उतारावर मात्र टो-हॉल मोडने जीव भांड्यात पडतो. गिअर आपणहून खाली येतो, इंजिन गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. मैदानी हायवेवर ट्रेलरसकट गॅलनला नऊ मैल मिळतात, समोरून वारा असेल तर त्याहून कमी.

जाहिरातीतले ओढायचे आकडे आता पूर्वीइतके हवेतले राहिलेले नाहीत, हेही सांगायला हवं. एसएई जे२८०७ हे ओढण्याच्या चाचणीचं मानक पाळणाऱ्या कंपन्या एकाच पद्धतीने चाचणी घेतात. ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ ११.४ मैलांचा, एसी पूर्ण चालू ठेवून, रणरणत्या उन्हात, ट्रकने ताशी ४० मैलांच्या खाली जायचं नाही. मागे दुहेरी चाकं असतील तर ३५. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून हे मानक स्वीकारलं, बाकीच्यांनी काही वर्षांनी. पण त्या चाचणीत ट्रकमध्ये १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. मागच्या सीटवरची मुलं, कुत्रा, जनरेटर, सायकली हे सगळं आपल्या खात्यात.

वजन खरं किती ते काट्यावरच कळतं. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजनं तो वेगवेगळी देतो. एकदा ट्रेलर जोडून, हिचचे स्प्रिंग बार (भार पुढच्या ॲक्सलकडे ढकलणाऱ्या दांड्या) सैल ठेवून, आणि एकदा नुसत्या ट्रकचं वजन करायचं. ट्रकच्या दोन वजनांतला फरक म्हणजे हिचवरचा भार. ट्रेलर घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात हे करावं असं मला वाटतं. पाण्याची टाकी भरलेली की रिकामी, एवढ्यानेही आकडे बरेच हलतात.

आता लायसन्स. यावर इतक्या दंतकथा ऐकल्या की शेवटी नियमच वाचून काढले. व्यावसायिक क्लास ए लायसन्स, म्हणजे सीडीएल, लागण्यासाठी केंद्राच्या नियमात दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: ट्रक आणि ट्रेलर मिळून २६,००१ पौंड किंवा अधिक, आणि त्यात ट्रेलर १०,००० पौंडांहून जास्त. आकडा धरताना प्रत्यक्ष वजन आणि परवानगीचं वजन, यांतलं जे जास्त ते. त्यामुळे ‘ट्रेलर रिकामा होता’ हे उत्तर चालत नाही. आमचे १०,००० आणि ९,५०० मिळून १९,५००. शिवाय धंद्याचा प्रश्नच नाही. साधं लायसन्स पुरतं.

माझा एक मित्र बांधकामाची छोटी कामं घेतो. त्याच्या दुहेरी चाकांच्या एक टनी ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर १४,००० पौंड आणि त्याला १४,००० चाच गूसनेक (ट्रकच्या हौद्यात जोडला जाणारा) ट्रेलर हवा होता. बेरीज २८,०००. मशीन चढवलेलं असो वा नसो, कामासाठी नेला की सीडीएल. त्याने तोच ट्रेलर १२,००० च्या प्लेटसह, म्हणजे तेवढाच जीव्हीडब्ल्यूआर नोंदवून, मागवला; बेरीज बरोबर २६,०००, मर्यादेच्या एक पौंड आत. बनवणारे असं करून देतात, ९,९९० पौंडांची प्लेट लावलेले ट्रेलर त्याच हिशेबाने विकले जातात. अर्थात मग त्यावर लादायचं वजनही तेवढंच कमी. सीडीएल काढायचंच असेल, तर ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या उमेदवाराला नोंदणीकृत संस्थेचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय ड्रायव्हिंगची परीक्षाच देता येत नाही.

धंदा करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी त्या मित्रालाही माहीत नव्हती. सीडीएल टाळलं म्हणून सगळं टळत नाही. राज्याबाहेर मालाची ने-आण करत असाल आणि जोडगोळी १०,००१ पौंड किंवा अधिक असेल, तर यूएसडॉट नंबर (केंद्राच्या परिवहन खात्याचा नोंदणी क्रमांक) आणि ड्रायव्हरचं वैद्यकीय प्रमाणपत्र हे प्रकरण सुरू होतं. पिकअप आणि मध्यम ट्रेलर सहज या रेषेच्या पलीकडे जातात.

घरगुती वापराचे नियम राज्याराज्यांत वेगळे. कॅलिफोर्नियात साध्या क्लास सी लायसन्सवर राहण्याचा ट्रेलर १०,००० पौंडांपर्यंतच. पुढे गैरव्यावसायिक क्लास ए. टेक्सासमध्ये तशी वेगळी गैरव्यावसायिक क्लास ए आहे, पण ती २६,००१ च्या हिशेबाने. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावला की वेगमर्यादा ताशी ५५ मैल. बाजूने गाड्या सत्तरने जात असतात आणि मागचे वैतागतात, वैतागू द्या.

खरं सांगायचं तर मला हे कायदे ढिले वाटतात. ज्याने आयुष्यभर छोटी सेडान चालवली, तो उद्या कसलीही परीक्षा न देता साडेनऊ हजार पौंडांचं घर हायवेवर ओढू शकतो. ब्रिटननेही डिसेंबर २०२१ मध्ये ३,५०० किलोपर्यंतच्या ट्रेलरसाठीची वेगळी परीक्षा काढून टाकली. रिव्हर्स घेणं, वळताना ट्रेलरची आतली चाकं फुटपाथवर चढू न देणं हे शिकायला आम्ही रविवारी रिकामं पार्किंग शोधत होतो. बायको माझ्यापेक्षा लवकर शिकली. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा आणि ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला हात न्यायचा, हे तिनेच मला सांगितलं.

ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर ट्रकसोबतच आलेला आहे आणि अख्ख्या खरेदीत मला सर्वात आवडलेली वस्तू तीच. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीसच्या वेगात हाताने त्याचा लिव्हर दाबायचा. ट्रेलरची चाकं लॉक होतात त्याच्या किंचित खाली गेन, म्हणजे ब्रेकचा जोर, ठेवायचा. वजन बदललं की पुन्हा. नवीन ट्रेलरचे ड्रम ब्रेक सुरुवातीला ढिले पडतात, आमचेही पडले, ॲडजस्ट करून घेतल्यावर ब्रेकची पकड स्पष्ट बदलली. ट्रेलर डोलायला लागला तर पाय ब्रेकवर नाही, स्टिअरिंगशी झटापट नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि फक्त हा लिव्हर दाबायचा. बाजूने मोठा मालट्रक गेल्यावर एकदा त्याची गरज पडली आणि ट्रेलर दोन-तीन हेलकाव्यांत सरळ झाला.

स्प्रिंग बारवाल्या वेट डिस्ट्रिब्यूशन हिचबद्दल मत मिश्र आहे. मागे बसलेला भार ती पुढच्या ॲक्सलवर परत आणते, स्टिअरिंग जमिनीला धरून राहतं. पण ट्रकचा पेलोड ती एक पौंडानेही वाढवत नाही, विकणारे काहीही सांगोत. शिवाय कॅम्पग्राउंडवर वळताना इतकी करकरते की शेजारचे तंबूतून डोकावतात.

ब्रेकअवेची तार, म्हणजे ट्रेलर सुटला तर खेचली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी, मी ट्रकच्या चौकटीलाच स्वतंत्र लावतो, सुरक्षेच्या साखळीला कधीच नाही. साखळी तुटली तर तारेचा उपयोग काय? ट्रेलर सुटला तर ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत असा केंद्राचा नियम आहे, आणि त्यासाठी ट्रेलरची बॅटरी भरलेली हवी. साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या, म्हणजे दांडा सुटलाच तर जमिनीऐवजी त्यांच्यावर पडतो.

ट्रेलरसोबत आलेले टायर पहिल्याच उन्हाळ्यात बदलले. त्यांची भार पेलायची क्षमता जेमतेम होती. एसटी (स्पेशल ट्रेलर) छापाच्या टायरवर वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ताशी ६५ मैल हीच मर्यादा धरायची. खरेदी करताना टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक बघा, तो बनल्याचा आठवडा आणि साल कळतं. दुकानात पडून राहिलेले टायरही म्हातारे होतात. चाकं बसवल्यावर पहिल्या पन्नास आणि शंभर मैलांवर टॉर्क रेंचने नट पुन्हा तपासायचे.

ट्रक ठेवणार का? हो. आणखी जड ट्रेलर घ्यायचा झाला तर मात्र डिझेल पाऊण टनीत घेणार नाही, थेट एक टनी बघेन.