आरोग्य सेतू: ट्रेसिंग कमी, गेटपास जास्त (5 पैकी 2 स्टार)
आता लोक हे अ‍ॅप आभा कार्ड (सरकारी डिजिटल हेल्थ आयडी) काढायला वापरतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण मी बोलतोय ते 2020 च्या लॉकडाऊनमधल्या आरोग्य सेतूबद्दल, तेव्हा ते ट्रेसिंगसाठी, म्हणजे कोरोना झालेल्याच्या जवळ कोण आलं ते शोधायला, सरकारने काढलं होतं.

आयडिया वाईट नव्हती. ब्लूटूथ चालू ठेवायचं, जवळ आलेल्या फोनची नोंद होणार, त्यातला कोणी पॉझिटिव्ह निघाला की बाकीच्यांना कळणार. पण दोघांकडे स्मार्टफोन पाहिजे, दोघांचं ब्लूटूथ चालू पाहिजे आणि ब्लूटूथला भिंत कळत नाही हो, आमच्या नाशिकच्या सिडकोत घराला घर चिकटलेलं, शेजारचा त्याच्या घरात झोपला असला तरी फोनच्या हिशोबाने तो आपल्या जवळच. कीपॅडवाल्यांना 1921 वर मिस कॉल द्यायची सोय होती, पण त्यात फक्त ताप-खोकला विचारायचे, कोण कोणाला भेटलं ते त्यातून काय कळणार.

1 मे 2020 च्या आदेशात नोकरदारांना याची सक्ती केली, 17 मे ला ती ढिली केली, पण सातपूर-अंबडला कंपन्यांच्या गेटवरच्या वॉचमनला हे कोण सांगणार. 'तुम्ही सुरक्षित' वाला हिरवा स्क्रीन दाखव, कपाळाला ताप मोजायची गन लावून घे आणि जा आत. आणि तो हिरवा कशावरून, तर बरंचसं आपणच भरलेल्या उत्तरांवरून! कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस अंगात कणकण असली तरी 'नाही' वरच टिक करणार ना, खाडा झाला तर पैसे कोण देणार? टीव्हीवर प्रायव्हसी प्रायव्हसी चालू होतं, इकडे लोकांना भीती वेगळीच, दारात अ‍ॅम्ब्युलन्स येईल, गल्लीला पत्रे ठोकतील, मग वर्षभर लोक बोट दाखवतील. माझ्या मते प्रायव्हसी म्हणजे हेच, फक्त आपल्याकडे कोणी तो शब्द वापरत नव्हतं.

सगळ्यात जास्त बघितलं गेलं ते 500 मीटरमध्ये किती पॉझिटिव्ह हे फीचर. आकडा 1 दिसला की सोसायटीच्या ग्रुपवर तपास सुरू, कोण खोकतंय, कोणाकडे पाहुणे आलेत 😅 व्हायरस राहिला बाजूला.

विश्वासाचं म्हणाल तर अँड्रॉइडचा कोड सगळ्यांना तपासायला ओपन केला 26 मे ला, अ‍ॅप आलं होतं 2 एप्रिलला. ऑक्टोबरमध्ये तर आरटीआयला उत्तर काय, अ‍ॅप कोणी बनवलं याची माहितीच नाही, माहिती आयोगाने झापलं त्यावरून. नंतर सरकारने खुलासा केला म्हणा. तिकडे सिंगापूरने त्यांच्या अशाच ट्रेसटुगेदरचा डेटा फक्त ट्रेसिंगसाठी म्हणून सांगितलं आणि जानेवारी 2021 मध्ये कळलं की पोलिसांनाही तो मिळू शकतो, म्हणजे शंका घेणारे काही येडे नव्हते.

दोन स्टार कशाचे? मराठीत होतं आणि पुढे लसीचं सर्टिफिकेट त्यातून निघायचं. ट्रेसिंग बंद केलं, डेटा पुसला असं सरकारने नंतर संसदेत सांगितलंय, त्यामुळे फोनमध्ये अजून असेल तर ब्लूटूथ आणि लोकेशनची परमिशन काढून टाका, आभाला त्याची गरज नाही.